सुपरहिरोपटाच्या कमाईचा अंदाज: मागचा भाग, ट्रेलर, ॲडव्हान्स की प्रेक्षकांची ग्रेड?

‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’साठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाल्यापासून त्याच्या कमाईचे आकडे छातीठोकपणे सांगितले जातायत. तुम्हालाही अंदाज बांधायचा असेल, तर आधी एक ठरवा: पहिल्या वीकेंडचा आकडा हवाय की एकूण कमाईचा? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हींना एकच मोजमाप लावलं की गणित फसतं.

सगळ्यात मोह पडतो तो मागच्या भागाच्या कमाईवरून पुढचा आकडा काढायचा. माझ्या मते हीच सगळ्यात कच्ची पद्धत. ‘कॅप्टन मार्व्हल’ने २०१९ मध्ये जगभरात सुमारे ११३ कोटी डॉलर कमावले, त्याचाच पुढचा भाग, २०२३ चा ‘द मार्व्हल्स’, २०.६ कोटींवर थांबला. पहिला चित्रपट ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’च्या सात आठवडे आधी आला होता, मार्व्हलची हवा शिगेला असताना. शिवाय चीनमधून त्याला १५ कोटींहून जास्त मिळाले. दुसऱ्याला तिथे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे मागच्या आकड्यात नायिकेइतकाच तो काळही मोजलेला असतो, आणि काळ काही पुढच्या भागाला आंदण मिळत नाही.

ट्रेलरच्या व्ह्यूजवर फार वेळ घालवू नका. ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’च्या पहिल्या ट्रेलरला २४ तासांत ३६.५ कोटी व्ह्यूज मिळाले, ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’पेक्षा जास्त. अमेरिकेतल्या पहिल्या वीकेंडला मात्र स्पायडर-मॅनने २६ कोटी डॉलर मिळवले आणि डेडपूलने २१.१ कोटी. उत्सुकता आहे एवढं व्ह्यूज सांगतात, तिकीट कोण काढणार ते सांगत नाहीत.

पहिल्या वीकेंडसाठी भरवशाचं म्हणजे प्रदर्शनाआधीचे सर्व्हे आणि ॲडव्हान्स बुकिंग. तिथेही आकड्यापेक्षा कल बघा. दुसऱ्या ‘जोकर’साठी अमेरिकेत तीनेक आठवडे आधी ७ कोटींच्या आसपासचा अंदाज होता. तारीख जवळ येत गेली तसा तो खाली येत गेला आणि प्रत्यक्षात ओपनिंग, म्हणजे पहिल्या वीकेंडची कमाई, ३.८ कोटींच्याही आत राहिलं. दुसरी अडचण अशी की सुपरहिरोंचे पक्के चाहते तिकिटं आधीच काढून मोकळे होतात. अमेरिकेत शुक्रवारच्या प्रदर्शनाच्या आदल्या रात्री, गुरुवारी होणाऱ्या खेळांतून ‘अँट-मॅन’च्या तिसऱ्या भागाला, ‘क्वांटमेनिया’ला, १.७५ कोटी मिळाले आणि वीकेंड साधारण त्याच्या सहापट झाला. ‘वंडर वुमन’ला (२०१७) गुरुवारी फक्त १.१ कोटी मिळाले, तरी वीकेंड नऊपटींहून जास्त निघाला, कारण चाहत्यांच्या पलीकडचा प्रेक्षक नंतर आला. तेव्हा ॲडव्हान्सला सरसकट एकच गुणक लावू नका.

याच दोन चित्रपटांमुळे एकूण कमाईचा प्रश्नही उलगडतो. ओपनिंग जवळपास सारखं: ‘वंडर वुमन’ १०.३ कोटी, ‘क्वांटमेनिया’ १०.६ कोटी. अमेरिकेतली शेवटची कमाई मात्र ४१.२ कोटी विरुद्ध २१.४ कोटी! पहिल्या रात्री बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून सिनेमास्कोर ही अमेरिकी सर्वेक्षण कंपनी चित्रपटासाठी ग्रेड घेते. ‘वंडर वुमन’ला ‘ए’ मिळाली होती, ‘क्वांटमेनिया’ला ‘बी’. कानाला ‘बी’ बरी वाटते, पण सुपरहिरोपटासाठी ती धोक्याची घंटा असते. एकूण आकडा सांगायचा असेल तर शुक्रवारपर्यंत थांबा, आणि जमलं तर दुसऱ्या वीकेंडची घसरण बघूनच बोला. ग्रेड एकटी पुरत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये ‘सुपरमॅन’ आणि ‘फॅन्टास्टिक फोर’ या दोघांनाही ‘ए मायनस’ मिळाली. पण पहिला ओपनिंगच्या २.८ पटींपर्यंत गेला, दुसरा २.३ वरच अडकला, कारण दुसऱ्याच वीकेंडला त्याची कमाई ६६ टक्क्यांनी कोसळली.

आपल्याकडच्या सुपरहिरोपटांना तर ॲडव्हान्सचा निकष लावूच नका. तेलुगू ‘हनुमान’ला जानेवारी २०२४ मध्ये संक्रांतीच्या गर्दीत, महेश बाबूच्या चित्रपटासमोर, पडदे कमी मिळाले होते. पडदेच नसतील तर ॲडव्हान्स दिसणार कुठून? लोकांनी एकमेकांना सांगितलं, खेळ वाढले आणि हिंदीतही तो चालला. मल्याळम ‘लोका’चीही २०२५ मध्ये तीच गोष्ट. अशा चित्रपटाबाबत पहिल्या सोमवारचा गल्ला शुक्रवारच्या किती जवळ राहिला, एवढं पाहिलं तरी अंदाज बराच पक्का होतो.