द्राक्षबागेतलं हवामान यंत्र: छाटणी ते छाटणीचा अनुभव, आणि कॅनरी बेटांचा आलेख

तासगाव तालुक्यातल्या आमच्या बागेत गेल्या ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी हवामान यंत्र बसवलं. तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा, पानांचा ओलावा आणि मातीचं तापमान एवढं ते मोजतं. वर सोलर पॅनल, आत सिमकार्ड, आकडे थेट मोबाईलवर. थंडी, बेदाण्याचा हंगाम, खरड छाटणी (फळं निघाल्यावरची) आणि आता निम्मा पावसाळा, हे सगळं त्याच्या नजरेखालून गेल्यावरच लिहायला बसलोय.

आधी कामाचं. पानांच्या ओलाव्याचा सेन्सर एकटा यंत्राचे पैसे वसूल करतो. पोंगा अवस्थेपासून (छाटणीनंतर कोवळी फूट निघते तेव्हापासून) डाऊनीची, म्हणजे पान ओलं राहिलं की पसरणाऱ्या बुरशीच्या रोगाची धास्ती असते आणि शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की आपलाही हात टाकीकडे जातो. आता पान किती तास ओलं राहिलं ते दिसतं. मध्यरात्रीनंतर ओलं झालेलं पान वारं असेल तर उन्हं वर येईपर्यंत सुकतं, वारं पडलं तर दहा वाजले तरी ओलंच असतं. दोन्ही दिवशी दव सारखंच दिसतं, पण फवारणीचा निर्णय वेगळा ठरतो. नुसत्या धास्तीपोटी मारलेल्या फवारण्या यंदा बऱ्याच टळल्या.

दुसरा उपयोग थंडीतला. जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा 10 च्या आसपास आणि दुपारी 30 च्या घरात. हा हेलकावा वाढला की पिंक बेरीचं (मणी गुलाबी पडण्याचं) भय, म्हणून घडांना पेपर लावायची घाई. कुठल्या प्लॉटला आधी लावायचा ते आलेखावरून ठरवलं. ओढ्याकडेचा खोलगट तुकडा वरच्या तुकड्यापेक्षा पहाटे चांगलाच गार असतो. वडील हे नेहमी सांगायचे, आता ते आकड्यात दिसतं.

तक्रारी आहेत. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाखरांची घाण आणि पालापाचोळा अडकतो. कोळी तर तापमानाच्या पांढऱ्या झडपांत बिनधास्त जाळं विणतो. पंधरवड्याला पुसावंच लागतं. बसवायला आलेला माणूस यंत्र पत्र्याच्या शेडलाच ठोकायला निघाला होता. पत्रा तापला की आकडा खोटा येतो, हे त्याला समजावून खांब उघड्यावर, सव्वा ते दोन मीटर उंचीवर रोवून घेतला. सेवेसाठी फोन केला की ‘उद्या माणूस येतोय’ हे उत्तर पाठ झालंय. नाव घेत नाही, पण कंपनीनं हे सुधारलंच पाहिजे.

आता ज्यासाठी मी हे एवढं लांब लिहितोय ते. ॲपमध्ये जगातल्या दुसऱ्या ठिकाणाचा आलेख आपल्या आलेखाखाली लावता येतो. माझा भाचा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. जहाज इंधन भरायला लास पाल्मास बंदरात थांबलं की त्याचा फोन येतो, “मामा, इथं कधीही या, स्वेटर नको आणि पंखा नको.” अटलांटिक महासागरातल्या, स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारिया बेटाचं हे बंदर. मी त्याचा आलेख जोडला आणि थक्क झालो. आमची रेघ करवतीच्या दात्यांसारखी, तिथली जवळपास सपाट. जानेवारीत दुपारी 21 च्या आसपास, ऑगस्टमध्ये 26-27. हे बंदर 28 अंश उत्तरेला, म्हणजे जवळजवळ दिल्लीच्या अक्षवृत्तावर. तीच दिल्ली जानेवारीत कुडकुडते आणि मे-जूनमध्ये 45 पर्यंत भाजते. सगळ्यात जवळच्या बेटापासून शंभरेक किलोमीटर पूर्वेला आफ्रिकेचा किनारा आणि त्यामागे सहारा असूनही ही बेटं गार कशी, हे शोधायचा नादच लागला.

पहिलं कारण मी आमच्याच रानात पाहिलं. एप्रिलमध्ये मातीचा सेन्सर मोकळ्या काळ्या रानात दोन बोटं खोल ठेवला होता, तेव्हा दिवस-रात्रीत पंधराएक अंशांचा फरक यायचा. तोच काढून शेततळ्यात हातभर खोल सोडला, तर आकडा दोन अंशही हलेना. पाण्याला एक अंश तापायला तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या जवळपास पाचपट उष्णता लागते. शिवाय ऊन पाण्यात खोल शिरतं, लाटा वरचं-खालचं पाणी घुसळतात आणि बाष्पीभवनात बरीच उष्णता निघून जाते. मातीत मात्र सगळा ताप वरच्या थरातच अडकतो. बेट म्हणजे चहूबाजूंनी असं पाणी, आणि तेही हजारो मीटर खोल.

पण नुसता समुद्र पुरेसा नाही. मुंबईलाही समुद्र आहे, तिथं मे महिन्यात अंगाचं पाणी होतं. फरक पाण्याच्या तापमानात आहे. मुंबईचा समुद्र उन्हाळ्यात 30 अंशांच्या घरात जातो, कॅनरीचा हिवाळ्यात 18-19 आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फार तर 23-24. शाळेच्या भूगोलात वाचलेला कॅनरी शीत प्रवाह तो हाच: उत्तरेकडून आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत खाली येणारा. त्यात वारा किनाऱ्याजवळचं वरचं पाणी समुद्रात ढकलतो आणि त्या जागी खालून गार पाणी वर येतं. म्हणून तिथं आर्द्रता साठ-सत्तर टक्के असूनही चिकचिक होत नाही. आमच्या ॲपमध्ये दवबिंदूचा (हवा किती अंशांपर्यंत गार झाली की दव धरतं त्याचा) रकाना आहे, तो पाहिला की कोडं सुटतं: हा आकडा जितका वर, तितकी चिकचिक जास्त. तिथला दवबिंदू भर उन्हाळ्यात 17-18 च्या आसपास असतो, मुंबईचा मे-जूनमध्ये पंचविशीच्या आसपास.

मला सगळ्यात भावली ती वाऱ्याची वेळ. अटलांटिकमधल्याच अझोर्स बेटांजवळ हवेच्या जास्त दाबाचा मोठा पट्टा असतो. तिथून ईशान्येचे व्यापारी वारे बेटांवर येतात. उन्हाळ्यात हा पट्टा उत्तरेकडे सरकतो, बळावतो, आणि वारे नेमके तेव्हाच जोर धरतात. गारव्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच वारा सर्वांत जास्त. वर त्याच पट्ट्यात हवा खाली उतरत असल्यानं मोठे पाऊस-वादळं क्वचितच. ही उतरणारी कोरडी, ऊबदार हवा खालच्या गार, दमट हवेवर झाकण घालते. साधारण हजार-दीड हजार मीटरवर ढग त्या झाकणाखाली अडकतात आणि डोंगरांच्या उत्तर उतारावर पसरतात. तेनेरीफ बेटावरचं तेइदे शिखर 3715 मीटर उंच, ते ढगांच्या वर कोरड्या उन्हात उभं असतं. ला गोमेरा बेटावरच्या गाराहोनाय जंगलात झाडं या धुक्यातूनच पाणी टिपून घेतात.

सुखाची हवा सगळीकडे एकाच वाटेनं येत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. अटलांटिकमधलंच बर्म्युडा बेट 32 अंश उत्तरेला आहे, तिथं गल्फ स्ट्रीमचा उष्ण प्रवाह हिवाळ्याची धार बोथट करतो, पण उन्हाळा दमट जातो. आणि कॅनरीलाही सहाराची धूळ चुकत नाही. वारा पूर्वेकडून फिरला की ‘कालिमा’ (तिथलं धुळीचं गरम वारं) येतो, पारा एकदम चढतो, आभाळ पिवळं पडतं. भाच्यानं तसा फोटो पाठवला होता, जहाजाच्या रेलिंगवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ.

द्राक्षवाला म्हणून मला कॅनरीतल्याच लान्झारोते बेटाची शेती फार आवडली. 1730 ते 1736 या काळात तिथं ज्वालामुखी फुटला आणि चांगली जमीन राखेखाली गाडली गेली. लोकांनी तिथल्या ला हेरिया भागात राखेतून खालच्या मातीपर्यंत खड्डे खणले, प्रत्येक खड्ड्यात वेल लावला आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल ताल रचली. वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही कधी कधीच. काळी राख रात्रीचा ओलावा धरून ठेवते आणि ऊन खाली पोचू देत नाही. टँकरनं बाग जगवलेल्या आमच्या पूर्व भागातल्या माणसाला ही मेहनत वेगळी समजवावी लागत नाही.

तरी ती हवा आमच्याकडे आणायची म्हटली तर मी नको म्हणेन. मार्चमध्ये आमच्या बेदाणा शेडवर दुपारी आर्द्रता पंचविशीच्या खाली उतरते, वारं खेळतं, आणि जाळीवर टाकलेला माल पंधरा-वीस दिवसांत वाळतो. समुद्रापासून लांब, सह्याद्रीच्या पलीकडच्या पर्जन्यछायेत असल्याचा हा फायदा. लास पाल्माससारखी हवा इथं असती तर बेदाणा शेडमध्ये काळा पडला असता.

यंत्र घ्यायचं असेल तर तीन गोष्टी विचारून घ्या. दवबिंदू दिसतो का, मातीचा सेन्सर काढून दुसरीकडे लावता येतो का, आणि जुने आकडे आपल्याला उतरवून घेता येतात का. नुसतं कमाल-किमान दाखवणारं मिळालं तर त्यापेक्षा भिंतीवरचा साधा तापमापक बरा. सिमचं वर्षाचं रिचार्ज किमतीत धरलंय का, हेही बिलावर लिहून घ्या.