सोसायटीची पाण्याची टाकी धुवून घेतली, तो अनुभव

आमची सोसायटी पुण्यात धायरीला, ४८ फ्लॅटची. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसचे (नसांवर परिणाम करून हातपाय लुळे पाडणारा आजार) पेशंट निघाले तेव्हा आम्ही सगळेच घाबरलो. महिनाभर पाणी उकळून प्यायलो, घरोघरी नवे फिल्टर बसले. टाकी मात्र कुणी उघडून पाहिली नाही. मी खजिनदार, मीही नाही पाहिली. याचं मला आजही वाईट वाटतं.

यंदा मे महिन्यात शेजारच्या दोन्ही मुलांना पाठोपाठ जुलाब लागले, तेव्हा मी लॅबचं सामान मिळतं त्या दुकानातून जंतू तपासायच्या बाटल्या आणल्या. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाटलीतलं पाणी शाईसारखं काळं. काळं झालं म्हणजे पाण्यात बहुधा मैल्याची घाण मिसळलीय. आणि याच पाण्याचा टीडीएस आला होता ९४, म्हणजे चांगला! फिल्टरवाले तोच आकडा दाखवून पाणी चांगलं की वाईट ते सांगतात. टीडीएसचं मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतं. जंतू त्यात दिसत नाहीत.

मग क्लोरीन तपासायचे थेंब आणले. गेटजवळ महापालिकेची लाइन आत येते तिथलं पाणी छान पिवळं झालं. चौथ्या मजल्यावर माझ्या नळाचं पाणी मात्र पांढरंफटक. म्हणजे क्लोरीन दारापर्यंत येत होतं आणि टाकीतला गाळच ते खाऊन टाकत होता. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, आमच्याकडे शून्य.

टाक्या साफ करणाऱ्या वडगाव बुद्रुकच्या दोन भावांना फोन केला. थोरल्याचं पहिलंच वाक्य, "काकू, दोन दिवस मोटर कमी चालवा, आहे ते पाणी वापरून संपवा. चांगलं पाणी गटारात सोडायला मला जमत नाही." तिथेच मला माणूस पटला.

कामाच्या दिवशी आल्याआल्या त्यांनी जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडलं आणि ब्लोअरचा पाइप आत सोडून अर्धा तास हवा खेळवली. बंद टाकीत ऑक्सिजन कमी असतो, माणूस आत जाऊन बेशुद्ध पडतो. धाकटा कमरेला दोर बांधून उतरला आणि तो बाहेर येईपर्यंत थोरला टाकीच्या तोंडावरून हलला नाही. आमच्या आधीच्या ठेकेदाराचा पोरगा झाकण उघडलं की थेट आत उडी मारायचा. आम्ही बघत उभे राहायचो, कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वस्तात काम करून घेणाऱ्या सोसायट्यांनी निदान एवढं तरी बघावं.

मडपंपाने तळ उपसल्यावर तीन घमेली गाळ निघाला. नाचणीच्या आंबिलीसारखा मऊ, तपकिरी, बोटाला चिकटणारा. त्यात झुरळांचे पंख आणि कबुतराचं एक अख्खं पीस. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळीच नव्हती, ते सगळं तिथूनच आत आलेलं. मग जेटने भिंती धुतल्या, ब्लीचिंग पावडरचं नितळ पाणी मारून अर्धा तास ठेवलं, पुन्हा धुऊन ते पाणी बाहेर काढलं. गच्चीवरच्या चार टाक्यांनाही हेच केलं. सगळे मिळून ९,६०० रुपये झाले, म्हणजे फ्लॅटमागे २००.

तक्रारीही आहेत. नऊची वेळ देऊन अकराला आले, तोवर लोक बादल्या घेऊन खोळंबले. जेटचा चिखल पार्किंगमधल्या गाड्यांवर उडाला, आधी सांगितलं असतं तर काढून ठेवल्या असत्या. जाळी त्यांच्याकडे नव्हती. ती मी धायरी फाट्यावरच्या हार्डवेअरमधून आणली, क्लिपसकट, आणि वॉचमनकडून बसवून घेतली. पावतीवर नुसतं "टाकी सफाई". कुठली टाकी, काय वापरलं, काही नाही. मी आधीचे आणि नंतरचे फोटो मागून घेतले, तुम्हीही मागा. आणि काम झाल्यावर पाणी तपासून द्यायची पद्धत त्यांच्याकडे नाही. ती असायलाच हवी, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

तपासणी मग मीच केली. टाक्या भरल्या, पहिलं पाणी नळातून वाहू दिलं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी नळीत घेऊन थेंब टाकले. फिकट, पण पिवळं. जंतूंच्या बाटल्या या वेळी तीन लावल्या होत्या: माझ्याकडे, मुलं आजारी पडली त्या घरी आणि तळमजल्यावर. दोन दिवस थांबले. तिन्ही जशाच्या तशा राहिल्या.

दिवाळीच्या आधी याच भावांना पुन्हा बोलावणार आहे.