‘अ‍ॅपोप्लेक्सी’च्या मुळाशी नेणारा ऑनलाइन कोश

डग्लस हार्पर यांच्या विनामूल्य ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’त पक्षाघाताची ‘अ‍ॅपोप्लेक्सी’ ही जुनी संज्ञा शोधली असता, ‘प्लेसेइन’ म्हणजे प्रहार करणे या ग्रीक क्रियापदापासून लॅटिन व जुन्या फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोहोचलेला तिचा प्रवास एका छोट्या नोंदीत नेमकेपणाने उलगडतो. धडधाकट माणूस घाव बसल्यासारखा अचानक कोसळतो, हे प्राचीन वैद्यांचे निरीक्षणच त्या धातूत साठलेले आहे, आणि आपल्या पक्षाघातातला ‘आघात’ही तेच सांगतो. शब्दप्रेमींना मी हा कोश निःसंकोच सुचवीन. वैद्यकीय इतिहासासाठी मात्र अन्य ग्रंथ पाहावे लागतात, कारण मेंदूतील रक्तस्राव शवविच्छेदनाने दाखवून देणाऱ्या योहान याकोब वेपफर यांचे १६५८ मधील संशोधन व्युत्पत्तिकोशाच्या कक्षेत येत नाही.