अमेरिकेची लॉटरी की कॅनडाचे गुण?

परदेशात स्थायिक व्हायचं म्हटलं की आपण पगाराची, थंडीची, तिथल्या मराठी मंडळाची चौकशी करतो. तो देश बाहेरच्यांना आत कसा घेतो, हे बघायला मात्र उशीर होतो. किती लोकांना घ्यायचं हे देशाने ठरवावं, त्यात गैर काहीच नाही. पण ते ठरवण्याच्या पद्धतीवर तुमची पुढची दहा-पंधरा वर्षं अवलंबून असतात.

कॅनडात 1967 मध्ये गुणपद्धत आली आणि माणूस कुठल्या देशाचा यापेक्षा त्याचं वय, शिक्षण, भाषा, अनुभव मोजला जाऊ लागला. 2015 पासून एक्सप्रेस एन्ट्री या ऑनलाइन अर्जपद्धतीत 1200 पैकी गुण मिळतात. घरबसल्या हिशेब मांडता येतो: वयाचे पूर्ण गुण 20 ते 29 मध्ये, तिशीपासून ते उतरू लागतात, 45 ला शून्य. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात आला की नोकरी बदला, सोडा, जोडीदारही काम करू शकतो. घोडं अडतं ते पुढे. गुण भरपूर असूनही नोकरीची हमी नसते, आणि डॉक्टर-नर्स मंडळींना तिथला परवाना पुन्हा मिळवावा लागतो.

शिवाय कॅनडाने पीआरचं दार नीट राखलं, पण विद्यार्थी आणि तात्पुरते कामगार यांच्या वाढत्या संख्येकडे दुर्लक्ष केलं. घरभाडी भडकली, लोक चिडले. मग जानेवारी 2024 मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली आणि 2025 च्या पीआरचं लक्ष्य 5 लाखांवरून 3 लाख 95 हजारांवर आणलं. सुक्याबरोबर ओलंही जळालं; कर्ज काढून अर्ज केलेल्या प्रामाणिक मुलांचे बेत कोलमडले. वेळेवर लगाम न घातल्याची किंमत येणाऱ्यांनाच मोजावी लागते, हे मला फार टोचतं.

अमेरिकेत उलट आहे. आधी नोकरी, मग माणूस. त्यामुळे पोहोचल्या दिवसापासून आपल्याच क्षेत्रातलं काम आणि चांगला पगार, हा मोठा फायदा. पण एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या वर्षाला मुख्य जागा 85 हजार, त्यातल्या 20 हजार तिथे मास्टर्स किंवा त्यापुढचं शिक्षण घेतलेल्यांना. अर्ज जास्त, म्हणून सोडत. सप्टेंबर 2025 पासून भारतातून नव्याने बोलावायचं तर कंपनीवर 1 लाख डॉलरचं शुल्कही लादलं गेलं. स्थानिकांच्या नोकऱ्या राखायच्या, हा त्यामागचा युक्तिवाद. प्रत्यक्षात व्हिसा मालकाशी बांधलेला असल्याने माणूस पगारासाठी भांडायला कचरतो, आणि दबलेला कामगार स्थानिकांच्याही फायद्याचा नसतो. नोकरी गेली तर हातात साधारण 60 दिवस.

ग्रीन कार्डाचं, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याच्या परवान्याचं, तर विचारूच नका. वर्षाच्या ठरलेल्या कोट्यातून एका देशाच्या लोकांना जास्तीत जास्त 7 टक्के, मग तो देश भारत असो की आइसलँड. दहा वर्षांहून जुने भारतीय अर्ज आजही रांगेत आहेत.

म्हणून, तिशीच्या आत असाल, इंग्रजी पक्कं असेल आणि कायमचं जायचं असेल तर आधी कॅनडाचे गुण मांडा. फ्रेंच येत असेल तर पारडं आणखी जड होतं. पाच-सहा वर्षं कमवून परत यायचं असेल आणि कंपनी बदली करत असेल, तर अमेरिका चांगली. मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर मात्र अमेरिकेचा हिशेब आजच मांडा: 21 व्या वर्षी ते तुमच्या व्हिसावरून उतरतं, मग तिथेच वाढलेलं असलं तरी त्याला राहण्यासाठी स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो.