छऱ्याची बंदूक आणि आमच्या आगरातले उंदीर

फाल्गुनात रोज सकाळी आगरात गेलं की माडांखाली बारा-पंधरा कोवळी फळं पडलेली असायची. मुठीएवढी, आणि प्रत्येकाला देठाजवळ गोल भोक. आमचे २६ माड आहेत, गुहागरच्या बाजूला, घराला लागूनच. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा गडी, शेंड्यात चढून बघून आला आणि म्हणाला, "काकू, वर घरटीच केलीत उंदरांनी. झावळीच्या बेचक्यात बसून खातायत." असोला, म्हणजे सोडणासकट पक्का नारळ होईपर्यंत एक फळ वर्षभर सांभाळावं लागतं. ते चौथ्या महिन्यात असं खाली पडलेलं बघून जीव तुटतो.

विषाचा उपाय ठाऊक होता. ब्रोमॅडिओलोनच्या मेणाच्या वड्या दर पाच माडांतल्या एकाच्या शेंड्यात ठेवायच्या, १२ दिवसांनी पुन्हा एकदा. पण आमच्या गोठ्याच्या आढ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी आहे. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर सगळ्यात आधी घुबडाच्याच तोंडी लागतो. ती जोडी जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी साडेनऊ हजार रुपये मोजून मी एअर रायफल घेतली. आता चौदा महिने झाले. बागेच्या राखणीसाठी ही घ्यावी की नाही असं बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कॉलेजात एनसीसीत होते, तिथे .२२ची रायफल चालवलेली, त्यामुळे बंदुकीचं भय नव्हतं. खरेदीला फार खटपट पडत नाही. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपेक्षा कमी जोराची एअर रायफल विनापरवाना मिळते. दुकानदाराने आधारची प्रत घेतली आणि वहीत नोंद केली. मात्र त्याच दुकानदाराने "वानरांनासुद्धा चालेल, एकदा छर्रा बसला की परत येत नाहीत" असंही सांगितलं. ते साफ चूक आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहिते.

बंदूक भारतीय बनावटीची आहे, नळी मधून मोडून भरायची. नळी खाली ओढली की आतली स्प्रिंग दाबली जाते, मग नळीच्या तोंडात छर्रा बसवून ती सरळ करायची. माझ्या हाताला पहिले आठ दिवस हे जड गेलं, आता सहज जमतं. लाकडी दस्ता चांगल्या घोटाईचा आहे. ट्रिगर मात्र कडक, ओढून ओढून शेवटी अचानक सुटणारा. पहिल्या शंभरेक छऱ्यांना नळीतून धूर आणि तेलाचा वास येत होता. कारखान्यात लावलेलं जादा तेल जळत असतं, घाबरायचं कारण नाही. ते संपेपर्यंत नेम मात्र बसत नाही, तेव्हा तेवढे छर्रे कागदावरच खर्च करावेत. छर्रा न घालता बंदूक कधीही उडवायची नाही. पुढे हवेची उशी नसते, पिस्टन, म्हणजे स्प्रिंगपुढचा दट्ट्या, धाडकन आपटतो आणि त्याचं सील फुटतं.

स्प्रिंगची बंदूक धरायची रीत मला नव्याने शिकावी लागली. एनसीसीत खांद्याशी घट्ट आवळायला शिकवलेलं. इथे तसं केलं की छर्रे चहूकडे पसरतात, कारण छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच स्प्रिंग सबंध बंदुकीला झटका देते. डावा तळवा उघडा ठेवून त्यावर बंदूक नुसती टेकवली आणि खांद्याशी अलगद धरली, तेव्हा दहा मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्यात यायला लागले. वीस मीटरवर तळहाताएवढा पसारा होतो. म्हणून माझी मर्यादा दहा मीटर. त्यापलीकडे उंदीर कितीही ऐटीत बसलेला दिसला तरी मी बोट ट्रिगरवर नेत नाही. छर्रेही तीन प्रकारचे आणून पाहिले. गोल डोक्याचे सगळ्यात सरळ गेले. टोकदार दिसायला जहाल, पण माझ्या नळीतून सगळ्यात वेडेवाकडे तेच गेले.

आता मुख्य गोष्ट. माडाच्या शेंड्यातल्या उंदरावर नेम धरायचा नाही. मी पहिल्याच दिवशी तो विचार करून वर बघितलं आणि बंदूक खाली ठेवली. वर मारलेला छर्रा चुकला की तो दोन-तीनशे मीटर जाऊ शकतो, आणि आमच्या आगरापलीकडे पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट आहे, त्यावरून शाळेची पोरं जातात. त्यामुळे उंदीर जमिनीवर येईल तिथेच काम करायचं. पडवीच्या टोकापासून नऊ मीटरवर गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला टेकवून वाळूने भरलेलं पोतं ठेवलं. नुसत्या चिऱ्यावर छर्रा आदळला तर उलटून येतो, एकदा तसा पायाजवळून गेला तेव्हा पोत्याची अक्कल आली. पोत्यापुढे सुक्या बोंबलाची डोकी आणि खोबऱ्याचा तुकडा खिळ्याने फळीवर ठोकून ठेवते, म्हणजे उंदराला उचलून पळता येत नाही, खात बसावं लागतं. विजेरीच्या काचेला लाल जिलेटिन कागद चिकटवलाय. पांढऱ्या उजेडाला उंदीर पळतात, लाल उजेडात बराच वेळ थांबतात. रात्री साडेआठ ते दहा ही त्यांची वेळ.

चौदा महिन्यांत ३१ उंदीर मारले. माहितीपत्रकात वेग सेकंदाला १९० मीटर दिलाय, छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे जोर नऊ ज्यूलच्या आसपास. दहा मीटरवर, डोळा आणि कान यांच्या मध्ये बसला, तर उंदीर जागच्या जागी मरतो. अंगावर बसला तर मरत नाही. हे मी दोनदा पाहिलं. दुसऱ्या वेळचा उंदीर दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीघरात घंगाळामागे सापडला, मागचे पाय ओढत, जिवंत. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. उंदीर नुकसान करतो म्हणून त्याला मारायचा निर्णय माझा, पण त्याला अठरा तास तसं ठेवायचा अधिकार मला नाही. तेव्हापासून नेम पक्का नसेल तर मी छर्रा वाया घालवत नाही. महिना-महिना बंदूक हातात घेतली नाही तर आधी कागदावर वीस छर्रे मारते आणि मगच पोत्याकडे वळते. मेलेला उंदीर लगेच खोल पुरायचा. छर्रा शिशाचा असतो, तो पोटात गेला तर घुबडाला विषच आहे. हाताळून झालं की हात साबणाने धुवायचे.

घुशीला ही बंदूक वापरू नका. घूस किलोच्या घरात जाते, कातडी जाड. तिला पिंजराच बरा.

आणि वानरं. गेल्या वैशाखात शेजारचा पोरगा आला. "काकू, दोन दिवस बंदूक द्या. वानरांनी केळीचा लोंगर सबंध फोडला, आंब्यावर पण चढलेत." त्याचा राग खोटा नव्हता. वर्षाचं उत्पन्न एका सकाळी जातं, आणि कोकणात आज घराघरात हेच दुखणं आहे. मी त्याला खळ्यात बसवून चहा दिला आणि बंदूक दिली नाही. आधीच्या वर्षी आमच्या वाडीत एक वानरीण आली होती, मांडीत कुणाचा तरी छर्रा. जखम चिघळलेली, माश्या बसलेल्या, पोटाशी पिल्लू. नऊ ज्यूलचा छर्रा वानराला मारू शकत नाही आणि पळवूनही लावत नाही, आत रुतून राहतो. टोळी चार दिवसांनी परत येतेच, फक्त एक जनावर लंगडत येतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे संरक्षित प्राण्याला जखमी करणं हीसुद्धा शिकारच. वानर, टोपी माकडं (बॉनेट मकाक), शेकरू, पोपट, मोर सगळे त्यात येतात. पूर्वी कावळा आणि फळं खाणारी वटवाघळं उपद्रवी म्हणून पाचव्या परिशिष्टात होती. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली तेव्हा ते परिशिष्टच गेलं. "कावळ्याला चालतं" असं अजून सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. अरुणाचल प्रदेशात २०२१मध्ये एअरगन परत करायची मोहीम निघाली आणि दोन हजारांवर लोकांनी आपणहून बंदुका आणून दिल्या. तिथे जंगलातले पक्षी याच छऱ्यांनी संपत चालले होते. विनापरवाना मिळते म्हणून ती निरुपद्रवी आहे, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

नारळ मात्र बंदुकीने वाचले नाहीत, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. वाचवले पत्र्याने. जमिनीपासून दोन मीटरवर माडाच्या बुंध्याला ४० सेंटिमीटर रुंद गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळायचा. उंदराची नखं त्यावर टिकत नाहीत. १९ माडांना पट्टे ठोकले, आधी शेंडे साफ करून घेतले, आणि पुढच्या दोन महिन्यांत त्या माडांखालची पडझड जवळजवळ थांबली. राहिलेल्या सात माडांच्या झावळ्या एकमेकींत गुंतल्यात, तिथे पट्ट्याचा उपयोग नाही. उंदीर झावळीवरून झावळीवर जातात. आमच्या सासऱ्यांनी लावताना अंतर कमी ठेवलं, त्याचं फळ. बंदूक या सात माडांच्या आणि भाजीच्या वाफ्यांच्या उंदरांपुरती. काकडी-दोडक्याच्या मांडवाखाली तिचा खरा फरक पडला.

भाचा ठाण्याहून आला की त्याला बंदूक हवी असते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचं जागतिक अजिंक्यपद मिळवल्यापासून त्याच्या शाळेत हेच वेड आहे. स्पर्धेची रायफल दाबलेल्या हवेवर चालते, तिला हा स्प्रिंगचा झटका नसतो, किंमतही कितीतरी पट. तरी कागदावर मारायला आमचीही त्याला आवडते. माझ्याशेजारी बसून, डोळ्यांना चष्मा लावून, वाळूच्या पोत्यावरच. बाकी वेळ ती कुलपात आणि छर्रे दुसऱ्या कपाटात.

घ्यायचीच असेल तर एक सील आणि एक स्प्रिंग बंदुकीबरोबरच मागून घ्या. माझी दहाव्या महिन्यात मंदावली, छर्रा फळीत रुतायचा थांबला. इथे जवळपास दुरुस्त करणारा कुणी नाही. घाटावर पाठवली, ती ऐन काकडीच्या दिवसांत पाच आठवडे तिकडेच राहिली. आमच्या पावसाळी हवेत नळी आतूनही गंजते. मृगापासून दसऱ्यापर्यंत मी दर आठ दिवसांनी तेलाचा कापडी बोळा नळीतून ओढते, आणि त्यानंतर पहिले दोन छर्रे पोत्यात मोकळे सोडते.