तांब्याचा म्हणून गळ्यात मारलेला लोखंडी बंब

१९,३७० रुपये आणि वर ११ किलो ४०० ग्रॅमचा, पाणी तापवायचा जुना तांब्याचा बंब. चतुर्थीच्या तोंडावर 'जुना द्या, नवा प्रेशरचा घ्या' म्हणत टेम्पो घेऊन आलेल्यांनी एवढं नेलं. वाडीतल्या आणखी तीन घरांतून नेलं, पण ते गप्प आहेत. लाज आम्हालाही वाटते. टेम्पो अजून किनाऱ्याने फिरतोय, म्हणून लिहितोय.

हिशोब असा. नवा ६० लिटरचा बंब २४,५००. जुन्याचे किलोला ४५० प्रमाणे ५,१३० वजा. १२,००० यूपीआयने आगाऊ, ७,३७० बसवल्यावर रोख. बाजारात तांब्याच्या मोडीला तेव्हा ७२० मिळत होते, म्हणजे ३,०७८ तर तिथेच बुडाले. वजनही त्यांच्याच स्प्रिंगच्या ताणकाट्यावर झालेलं. घरची भांडी दारावरच्या काट्याला कधी लावू नका.

'चुंबक लावून बघितला नाही?' असं विचारणारे बरेच भेटले. बघितला होता की! विकणाऱ्यानेच खिशातून काढून झाकणाला आणि तोटीला लावून दाखवला. झाकण खरंच तांब्याचं, तोटी पितळेची, चिकटणार कसा? पोट मात्र लोखंडी पत्र्याचं, वरून तांब्याचा मुलामा. चुंबक आपला असावा, आणि तो पोटाला, बुडाला, आतल्या धुराच्या नळीला लावावा. स्टीलचे काही प्रकारही चुंबकाला दाद देत नाहीत, तेव्हा बुडाशी कानस दोनदा ओढा. खाली पांढरट चकाकलं की विषय संपला.

पण खरं कळायला हवं होतं ते झाकण पाहूनच. हेच डोक्यातून जात नाही. आपल्या जुन्या बंबाचं झाकण सैल असतं. पाणी उकळलं की खडखडतं, वाफ निघून जाते, म्हणून तो कधी फुटत नाही. याचं झाकण आठ बोल्टांनी आवळलेलं. वर वाफेसाठी अर्ध्या इंचाचा पाइप, आणि त्या पाइपलाच त्याने आमच्या डोळ्यांदेखत तोटी बसवली. 'वाफ वाया जाऊ नये म्हणून, काका.' २५ अंशांचं ६० लिटर पाणी ९० पर्यंत तापवलं की फुगून जवळजवळ दोन लिटर जागा जास्त मागतं. वाफ झाली तर पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त. आणि थंड पाण्याच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे मागे जायची वाटही बंद. जन्मभर बंब पेटवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. तरी गप्प बसलो, कारण पाहुणे परवावर येऊन ठेपले होते आणि तो 'सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना' म्हणत एका पितळी बोंडाकडे बोट दाखवत होता. ते बोंड नंतर खोललं. आत ना स्प्रिंग, ना भोक. नुसता भरीव गोळा.

फुटला नाही हे नशीब. तेराव्या दिवशी धुराच्या नळीचा सांधा सुटला. सांध्याला शिसं-कथलाचा डाख, म्हणजे सोल्डर, होता, तो १८३ अंशांनाच पाघळायला लागतो. भोवती पाणी आहे तोवर टिकतो. पण यांनी गरम पाण्याची तोटी बुडाशी लावलेली. लाइट गेली, पंप बंद, आंघोळी चालूच, बंब कोरडा आणि खाली करवंट्यांचा जाळ. गरम पाणी वरून काढायचं, थंड खाली सोडायचं, मग बंब रिकामा होतच नाही. आणि कोरड्या तापलेल्या बंबात गार पाणी ओतू नका, आधी विस्तव ओढा.

पोलीस ठाण्यात म्हणाले, 'तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत, हा दिवाणी मामला.' मुलामा देऊन तांबं म्हणून विकणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मग कशासाठी आहे? अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला अर्जच सापडेना. काट्याची तक्रार घेऊन वजनमापांच्या कार्यालयात गेलो, तर 'तो काटा आणून दाखवा'! काटा टेम्पोत, टेम्पो कुठे ते शोधायचं आम्ही? अर्जाच्या दोन प्रती न्या आणि शिक्का मिळाल्याशिवाय खुर्ची सोडू नका. यूपीआयने गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा. आम्ही तेराव्या दिवशी केला.

बिलही दिलं होतं, छापील. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, बिलावर १४ होती. मोजली कोणी? पोर्टलवर क्रमांक टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो.

ज्यांच्याकडे असला बंब बसलाय त्यांनी तो आज पेटवू नये. वाफेच्या पाइपवरची तोटी काढा, पाइप छपरावरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्याही वर न्या, नाहीतर त्यातून थंड पाणीच वाहत राहील. वरचं तोंड उघडं आणि माणसांपासून लांब वळवलेलं. नॉन-रिटर्न काढून टाका. बंब न्हाणीत बसवला असेल तर मागीलदारी पडवीत काढा. दार लावून आंघोळ करताना निखाऱ्याचा विषारी वायू वासावरून कळत नाही. सांधे तांबटाकडून पितळी झाळ देऊन घ्या. पोट लोखंडी निघालं तर तोही खर्च करू नका. विहिरीचं पाणी मचूळ असेल तिथे असलं पोट फार टिकत नाही. आमच्या बंबात आता राख भरतो.