हंगाम संपताना गुलमर्गमध्ये गेलेले ६९ हजार

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गुलमर्गमध्ये माझे ६९ हजार रुपये गेले. २४ हजार जुन्या स्कींचे आणि ४५ हजार पुढच्या हिवाळ्यासाठी घेतलेल्या खोलीचे. दोन्ही व्यवहार एकाच माणसाशी, एकाच दुपारी झाले. तो माणूस माझ्याशी अस्सल मराठीत बोलत होता. आपल्याकडून आता बरीच मुलं-मुली स्की शिकायला तिकडे जातात, म्हणून जे झालं ते सगळं लिहिते आहे.

आधी त्या दिवसांबद्दल सांगते, कारण ही फसवणूक त्या दिवसांतच जमते. काश्मिरी हिवाळ्यातले सगळ्यात कडाक्याचे, चिल्ला-ए-कलानचे चाळीस दिवस २१ डिसेंबरला सुरू होतात, त्यामागून चिल्ला-ए-खुर्दचे वीस आणि चिल्ला-ए-बच्चाचे दहा. मार्च उजाडला की थंडीचं ते सगळं घराणं आटोपतं. मग सकाळी बर्फ फरशीसारखा कडक, अकराच्या सुमारास वरचा थर सुटून मऊ, आणि दुपारी एकनंतर नुसता रबडा. उन्हानं ओला झालेला बर्फ उतारावरून घसरतो, म्हणून जाणकार सकाळीच स्की करून खाली येतात. खालच्या मैदानात चर्चच्या टेकडीभोवती तपकिरी गवत दिसू लागतं, रस्त्याकडेला चिखल होतो. स्लेज ओढणाऱ्यांचं काम कमी होतं आणि घोडेवाले परत दिसायला लागतात. श्रीनगरला ट्यूलिपची बाग उघडली की ती बघायला आलेली कुटुंबं अर्ध्या दिवसासाठी वर येतात, बर्फात फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत खाली जातात. महिना-दोन महिने राहिलेले स्कीवाले मात्र गाशा गुंडाळत असतात. खालच्या टंगमर्गच्या आसपासच्या गावांतले प्रशिक्षक हिशेब चुकते करून सफरचंदाच्या बागांकडे वळतात. रोज कुणीतरी निरोप घेतं, रोज कुणीतरी काहीतरी विकतं. कुणी घाईनं विकत असला तरी त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

मी नाशिकची. सरकारी संस्थेचा चौदा दिवसांचा कोर्स करून पुढे दहा दिवस तिथेच राहिले होते. गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, खालच्या स्टेशनजवळ चहा घेताना शेजारून आवाज आला, "ताई, तुम्ही नाशिककडच्या का? बोलण्यावरून वाटलं." तीन आठवडे हिंदी बोलून जीभ आखडल्यासारखी झाली होती. त्या एका वाक्यानं मला किती बरं वाटलं ते आजही आठवतं. तो म्हणाला, पाच हिवाळे इथेच काढलेत, पुण्या-मुंबईचे गट आणतो. स्की खरोखरच चांगली करायचा. पुढचे चार दिवस सकाळी त्यानं मला बरोबर नेलं आणि गोंडोलाच्या मधल्या स्टेशनापाशी, कोंगडूरीच्या उतारावर वळणं घेताना माझं वजन कुठे चुकतं ते नीट दाखवलं. पैसे विचारले तर म्हणाला, "ताईकडून कसले पैसे घ्यायचे?" हे चार दिवस त्याची गुंतवणूक होती, हे मला नंतर कळलं.

पाचव्या दिवशी त्यानं स्की दाखवल्या. मी परत जातोय, गुडघा दुखावलाय, बुटांसकट २४ हजारांत देतो म्हणाला. बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे स्कीवरच्या बूट अडकवायच्या पकडीत, बसेल का, असं मी विचारलं. त्यानं एक खटका दाबला आणि पुढचा भाग पट्टीवरून सरकवून दाखवला. "कुठल्याही मापाचा बूट बसेल, ताई." मला ती सोय वाटली. खरं तर सगळं तिथेच दिसत होतं. स्वतःसाठी घेतलेल्या स्कीवर बाइंडिंग बहुतेक वेळा एकाच बुटाच्या मापानं भोकं पाडून बसवलेलं असतं. आकडे छापलेल्या पट्टीवर पुढे-मागे सरकणारं बाइंडिंग असतं ते प्रामुख्यानं भाड्यानं देणाऱ्या दुकानांचं, कारण त्यांना दिवसाला वेगवेगळ्या पायांना तीच स्की द्यायची असते. हंगामाच्या शेवटी कुणी "माझी स्वतःची" म्हणून अशी स्की विकायला आणली, तर थांबा आणि ती कुठल्या दुकानाची आहे ते आधी विचारा.

खोलीचंही त्याच दुपारी ठरलं. गुलमर्गमधली हॉटेलं भाडेपट्ट्यानं दिलेल्या सरकारी जमिनीवर आहेत, तिथे तीन महिने राहणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. टंगमर्ग १३ किलोमीटर खाली. लोक तिथे राहून रोज वर येतात. माझं काम घरून चालतं, पुढचा हिवाळा तिथे काढायचं माझ्या मनात होतंच, आणि ते मीच त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, वर्षभरासाठी घर घेतलंय, दोन खोल्यांपैकी एक तुम्हाला देतो. डिसेंबर ते फेब्रुवारी, महिना १५ हजार. मला तिथे घेऊन गेला, स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं. आत बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी होती, खिडकीतून अक्रोडाचं झाड दिसत होतं. घरमालक श्रीनगरला गेलेत म्हणाला. किल्ली हातात असलेला माणूस भाडेकरूही असू शकतो, आणि तो महिनाअखेरीस निघणाराही असू शकतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पैसे देताना त्यानं दुसराच नंबर दिला. "माझं सिम प्रीपेड आहे, इथे चालत नाही. मित्राच्या नंबरवर पाठवा." बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही हे खरंच आहे, म्हणून मला ते पटलं. यूपीआयवर वेगळंच नाव उमटलं, तरी मी रक्कम पाठवली. पाच हिवाळे तिथे राहणाऱ्या माणसाकडे स्वतःचा चालू नंबर कसा नाही, एवढा एक प्रश्न विचारला असता तर मी वाचले असते. चहावाल्या चाचांनी त्या संध्याकाळी विचारलंही होतं, "बेटी, उसको कब से जानती हो?" मी म्हटलं, आमच्याकडचाच आहे. ते गप्प बसले. माझ्या त्या उत्तराचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

दोन दिवसांनी मी स्की मेण लावायला दुरुस्तीवाल्याकडे नेल्या. उन्हाळ्यात ठेवून देताना तळाला आणि कडांना जाड मेण लावून ते तसंच ठेवतात, म्हणजे कडा गंजत नाहीत. त्यानं स्की उलटी केली, हात फिरवला, मग पुन्हा सुलटी केली. शेपटाकडे एक रंगीत स्टिकर होतं. त्यानं इस्त्रीची कड त्यावर क्षणभर धरली आणि अंगठ्यानं स्टिकर हळूहळू सोलून काढलं. खाली कोरलेला आकडा होता, ३१. दुसऱ्या स्कीवरही ३१. बुटांच्या टाचेवर तोच आकडा खरवडलेला. तो काही न बोलता बाहेर गेला आणि पलीकडच्या दुकानदाराला घेऊन आला. त्यांनी वही उघडली. ३१ नंबरचा संच फेब्रुवारीपासून महिन्याच्या भाड्यानं गेलेला होता, नाव मला स्की विकणाऱ्याचंच. दुकानदार माझ्यावर ओरडले नाहीत. आधी मला बसवलं, नून चाय, म्हणजे काश्मिरी खारा चहा मागवला. स्की मी तिथेच त्यांच्या हवाली केल्या.

तिथून टॅक्सी करून टंगमर्गला गेले. घरमालक घरीच होते, ते श्रीनगरला गेलेच नव्हते. ती खोली त्यांनी त्याला मार्चअखेरपर्यंतच दिली होती, दोन महिन्यांचं भाडं बाकी होतं आणि तो आदल्या पहाटेच निघून गेला होता. त्याचा फोन बंद होता. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिसांत लेखी अर्जही दिला. १९३० वर जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे वाटेतच अडण्याची शक्यता जास्त असते. मी दोन दिवस गमावले होते, आणि तोवर त्या खात्यातून रक्कम निघून गेली होती. ज्यांना पैसे पाठवल्याच्या तासाभरात शंका येते त्यांनी आधी हा फोन करावा, मग माणसाला शोधत फिरावं.

मराठी माणसं परगावी एकमेकांना धरून राहतात, आणि मला ते आजही हवंसं वाटतं. पण खोली घ्यायची तर घरमालकाशी समोरासमोर बोलून, पैसे त्याच्याच नावावर, आणि चिठ्ठी त्याच्या सहीची. स्की घ्यायच्या तर पैसे देण्याआधी गावातल्या दुरुस्तीवाल्याला दाखवून. त्यानं माझ्याकडून त्या दिवशी एक रुपयाही घेतला नाही.

मागच्या आठवड्यात घरमालकांचा फोन आला. त्याच खोलीसाठी, त्याच तीन महिन्यांचे पैसे भरलेल्या आणखी दोघांनी त्यांना विचारलं होतं. एक मुलगी कोल्हापूरची, दुसरा कुठला ते त्यांना कळलं नाही. दोघांचेही नंबर त्यांनी लिहून घेतले नाहीत. तुम्ही त्यांच्यापैकी असाल, किंवा टंगमर्गच्या अक्रोडाच्या झाडाजवळच्या खोलीसाठी कुणाला आगाऊ रक्कम दिली असेल, तर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घेऊन मला कळवा. माझा अर्ज अजून उघडा आहे.